आधी बघ, नमुने कोणाचे आहेत

जनुकांच्या डेटावर काम सुरू करताना कोडिंगला घाबरू नकोस, जमेल हळूहळू. सवय मात्र पहिल्या दिवसापासून एकच लाव: डेटा उघडलास की डीएनएचे नमुने कोणाचे ते आधी बघायचं. २०१६च्या एका मोजणीत आजारांची जनुकं शोधणाऱ्या अभ्यासांतले सुमारे ८१ टक्के लोक युरोपीय वंशाचे निघाले होते. तू वापरणार असलेल्या ‘१००० जीनोम्स’ या जगभरच्या लोकांच्या डीएनएच्या खुल्या संग्रहामध्ये दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: ह्यूस्टनचे गुजराती, लाहोरचे पंजाबी, बांगलादेशचे बंगाली, ब्रिटनमधले तेलुगू आणि श्रीलंकन तमिळ. भारतात गोळा केलेला एकही नाही. मराठी तर शोधूच नकोस!

नवखे हमखास चुकतात ते इथे:

– डीएनएतला एखादा बदल डेटाच्या यादीत दुर्मिळ दिसला की तो घातक ठरवतात. यादी कोणाची? हृदयाच्या स्नायूशी संबंधित एमवायबीपीसी३ जनुकातला डीएनएच्या २५ अक्षरांचा लोप (ती अक्षरं गळालेली असणं) आपल्याकडे साधारण ४ टक्के लोकांत आहे, युरोपीयांत जवळजवळ नाहीच.
– युरोपीय डेटावर बेतलेला रिस्क स्कोअर (जनुकांवरून आजाराचा धोका सांगणारा आकडा) आपल्या रुग्णांना जसाच्या तसा लावतात. मीही लावला होता. गाईडने तासभर झापलं.
– ‘भारतीय’ हा एकच गट धरतात. पिढ्यानपिढ्या जातीतच लग्नं झालेल्या देशात?

इम्प्युटेशन (डेटात नसलेली डीएनएची अक्षरं अंदाजाने भरणं) वगैरे सध्या राहू दे. ‘जीनोमइंडिया’ या भारतीयांचे जीनोम वाचणाऱ्या प्रकल्पाचा सुमारे १०,००० जणांचा डेटा अर्ज करून मिळतो, त्याची चौकशी मात्र आत्ताच सुरू कर.