घरातल्या घरात ७८० किलोमीटर

प्रश्न : माझे वय ६७ वर्षे आहे. घोटा मुरगळल्यापासून उंचसखल रस्त्यावर चालण्याची धास्ती वाटते, म्हणून मी घरातच चालते. पण त्याच त्या भिंती पाहून दहा मिनिटांत कंटाळा येतो. मुलीने टीव्हीवर जंगलातल्या पाऊलवाटांच्या चित्रफिती लावून दिल्या आहेत, शिवाय मोबाइलवर एक ॲप घातले आहे. त्यात माझी पावले मोजली जातात आणि नकाशावर दूरदेशीच्या एखाद्या वाटेवर मी तेवढी पुढे सरकते. हे चालणे खरे मानावे, की मी स्वतःची समजूत घालते आहे? आणि घरातल्या पावलांचे किलोमीटर कसे करायचे?

उत्तर : पाऊल खरोखर उचलले गेले, की पायांच्या स्नायूंना, हृदयाला आणि फुप्फुसांना आपले काम करावेच लागते, समोर भिंत आहे की जंगल, हे त्यांना ठाऊक नसते. फरक पडतो तो दहाव्या मिनिटाला, थांबावे की चालत राहावे असा प्रश्न मनात येतो तेव्हा, आणि नेमक्या त्या क्षणी ही आभासी वाट उपयोगी पडते. म्हणून मनातली शंका काढून टाका, मात्र हिशेब प्रामाणिक ठेवा.

तो हिशेब सोपा आहे. घरातल्या सर्वांत लांब मोकळ्या जागेत नेहमीच्या चालीने दहा पावले टाका, ते अंतर टेपने मोजा आणि दहाने भागा. तुमचे पाऊल ६५ सेंटिमीटरचे निघाले असे धरू. मग ४,००० पावलांचे अंतर २.६ किलोमीटर होते. आता फ्रान्समधल्या सेंट-जाँ-पिए-द-पोर या गावाहून निघून स्पेनमधल्या सान्तियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत जाणारा जुना यात्रामार्ग घ्या. त्याची लांबी सुमारे ७८० किलोमीटर, म्हणजे रोज ४,००० पावलांच्या हिशेबाने बरोबर ३०० दिवस. सुमारे ६८ किलोमीटरवरचे पाम्प्लोना तुम्हाला सत्ताविसाव्या दिवशी लागेल, पुढे बुर्गोस, मग लेओन. एवढा लांबचा पल्ला नको असेल, तर इंग्लंडच्या उत्तरेला रोमन सम्राट हेड्रियनच्या भिंतीलगतची वाट साधारण १३५ किलोमीटरची आहे. ती ५२ दिवसांत पुरी होते. पहिल्या खेपेला मी हीच सुचवेन, कारण एक वाट पूर्ण केल्याचा आनंद दोन महिन्यांच्या आत हाती आला, तर पुढच्या वाटेची ओढ आपोआप लागते. अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन वाट मात्र सुमारे ३,५०० किलोमीटरची आहे आणि याच गतीने तिला साडेतीन वर्षांहून अधिक काळ लागेल. सुरुवातीलाच ती निवडणाऱ्याचा धीर सुटण्याची भीती असते.

चित्रफीत आणि नकाशा या दोहोंत मी नकाशाला अधिक मान देते. चित्रफीत आजचा अर्धा तास सुखाचा करते, पण नकाशा आजच्या चालण्याला उद्याच्या चालण्याशी बांधतो; काल जिथे थांबलो तिथून पुढे जायचे आहे, ही भावना फार बळ देणारी असते. त्यासाठी ॲपही लागत नाही. भिंतीवर टांगलेला कागदी नकाशा, एक पेन्सिल आणि वही एवढ्यावरही हे काम उत्तम होते.

रोज १०,००० पावले झालीच पाहिजेत, हे दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पाऊलमापकाच्या नावातून रूढ झाला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, सरासरी ७२ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा कमी आढळले, आणि साधारण ७,५०० पावलांनंतर हा फरक आणखी वाढला नाही. पावलांइतकीच चालीकडेही नजर ठेवा : मिनिटाला सुमारे १०० पावले पडत असतील आणि चालता चालता बोलता येते पण गाता येत नाही अशी स्थिती असेल, तर तो मध्यम श्रमाचा व्यायाम होतो.

दोन उणिवा मात्र तुम्हाला स्वतःच भरून काढाव्या लागतील. पहिली चढाची. त्या यात्रामार्गावरच्या पहिल्याच टप्प्यात पिरेनीज पर्वत ओलांडताना माणूस १,२०० मीटरहून अधिक चढतो. तुमची फरशी सपाटच राहते. घोट्याला त्रास होत नसेल, तर भक्कम कठडा धरून जिन्याच्या एकाच पायरीवर चढ-उतार करता येईल. दुसरी उणीव तोलाची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार आठवड्याला किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाबरोबरच ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करायचे असतात, आणि घोटा दुखावलेल्या माणसाला तर त्यांची अधिक गरज असते. त्या दिवशीचे चालणे संपले, की वाटेतल्या गावी मुक्काम केला असे समजून खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा करावी आणि जड खुर्चीची पाठ धरून आळीपाळीने एकेका पायावर उभे राहावे.

एक छोटी सूचना : मोबाइल टेबलावर ठेवून चाललात, तर एकही पाऊल मोजले जाणार नाही, आणि मनगटावरचा मापक बांधलेल्या हाताने खुर्ची धरली तर बरीच पावले गळतात. एकदा १०० पावले तोंडाने मोजून यंत्राचा आकडा पडताळून पाहा.

प्रश्न : पडद्यावरची वाट पाहत जागच्या जागी चालू लागलो, की मला पाच मिनिटांत गरगरते आणि मळमळते. डोळ्यांवर लावायचा व्हीआर संच घेतला तर हे थांबेल का?

उत्तर : उलट वाढण्याचाच संभव अधिक. डोळे मेंदूला सांगतात की आपण पुढे सरकतो आहोत, वळतो आहोत. आतल्या कानातले तोल सांभाळणारे इंद्रिय मात्र शरीर जागेवरच असल्याचे कळवते, आणि या विसंगतीतून मळमळ होते. डोळ्यांवरच्या संचात तर पडद्याबाहेरची स्थिर भिंतही दिसेनाशी होते. त्यातच आपले पाय आणि खोलीतले सामान दिसत नाही, म्हणून तो लावून चालू नये, असे मी स्पष्टच सांगते. त्यापेक्षा पडद्यापासून लांब उभे राहा, खोलीत पुरेसा उजेड ठेवा आणि कॅमेरा हिंदकळत नाही अशी संथ चित्रफीत निवडा. तरीही त्रास झाला, तर चित्र बंद करून जंगलातल्या पाण्याचा आणि पाखरांचा नुसता आवाज ऐकत चाला. पडद्यासमोर नसतानाही गरगरत असेल, तर डॉक्टरांना दाखवायला उशीर करू नका.

प्रश्न : मी उभी राहून चालू शकत नाही. मला अशी वाट चालता येईल का?

उत्तर : निश्चित येईल. खुर्चीत बसून गुडघे आळीपाळीने उचलणे, हात जोराने मागेपुढे हलवणे किंवा बसून पायडल मारणे यांतले जे जमेल ते करा आणि पावलांऐवजी मिनिटे मोजा. दम किंचित वाढवणाऱ्या २० मिनिटांच्या हालचालीला एक किलोमीटर, असा नियम तुम्ही स्वतः ठरवू शकता. फक्त एक वाट पूर्ण होईपर्यंत तो बदलू नका.