वाचकांचे प्रश्न : फुलं खाणाऱ्या भुंगेऱ्याला नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न : जास्वंदीच्या पाकळ्या फस्त करणाऱ्या काळ्या-नारिंगी किड्यांना आम्ही 'फुलकिडे' म्हणतो. फुलकिड्यांसाठी सांगतात ते निळे चिकट सापळे लावले, पण एकही किडा अडकला नाही. चूक कुठे झाली?

उत्तर : नावात. शेतीविषयक मराठीत 'फुलकिडे' हे नाव थ्रिप्ससाठी पक्कं झालेलं आहे. ते जेमतेम १ ते २ मिलिमीटर लांब असतात आणि पाकळी खात नाहीत, तर खरवडून रस शोषतात. त्यामुळे पाकळीवर चंदेरी किंवा तपकिरी ओरखडे आणि विष्ठेचे काळे ठिपके दिसतात, कळ्या वेड्यावाकड्या होतात. शंका असेल तर फूल पांढऱ्या कागदावर झटका. बारीक काड्यांसारखं काही पळू लागलं, तर ते फुलकिडे. पाकळीला भोकं पडली असतील, कडा कुरतडल्या असतील, तर तिथे चावणारा जबडा आहे, म्हणजे भुंगेरा.

तुमच्या वर्णनातला किडा बहुधा हिंगे, म्हणजेच ब्लिस्टर बीटल आहे. काळ्या पंखांवर नारिंगी किंवा तांबडे आडवे पट्टे, लांबी २ ते ३ सेंटिमीटर. जास्वंदीवर हमखास दिसणाऱ्या जातीचं शास्त्रीय नाव मायलॅब्रिस पुस्टुलाटा. भेंडी, तूर, चवळी आणि वेलवर्गीय भाज्यांच्या फुलांवरही तो येतो.

आणखी एक गल्लत होते ती 'भुंगा' आणि 'भुंगेरा' यांची. फुलाभोवती गुंजारव करणारा काळा भुंगा ही लाकूड पोखरून घर करणारी मोठी मधमाशी आहे. तिचे चारही पंख पातळ असतात आणि ती येते मध-परागासाठी. भुंगेऱ्याची पुढची पंखांची जोडी कडक, ढालीसारखी असते. मिटली की पाठीच्या मधोमध एक सरळ रेघ दिसते, ती पाहिली की ओळख पटली. ढालपंखी हे या गटाचं मराठी नाव तेवढ्यासाठीच. भुंग्याला भुंगेरा समजून मारणं ही मोठी हानी आहे, कारण तो परागीभवन करतो.

प्रश्न : मग या हिंग्यांचा बंदोबस्त कसा करायचा? फवारणी करूनही दुसऱ्या दिवशी फुलं खाल्लेलीच दिसतात.

उत्तर : दिसणारच. जास्वंदीचं फूल साधारण एकच दिवस टिकतं. आज फवारलेलं फूल संध्याकाळी मिटतं आणि उद्या उमलणाऱ्या फुलाच्या आतल्या बाजूवर औषधाचा थेंबही नसतो. हिंगे उडून येणारे, त्यामुळे नवे पाहुणे रोज हजर. फवाऱ्यात मरतात त्या मधमाश्या.

खात्रीचा उपाय वेचणीचा. सकाळी ऊन चढण्याआधी ते गारठून सुस्त असतात. बादलीत ५ लिटर पाणी घेऊन त्यात ५ चमचे द्रवरूप साबण घाला. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि किडा तरंगत न राहता बुडतो. बादली फुलाखाली धरून फांदीला टिचकी मारा. धक्का लागला की हिंगे पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात आणि सरळ खाली पडतात. दुपारी हेच करायला गेलात तर उडून जातील. वेचणी रोज करा, एक दिवसाआड नको. थोडीच झाडं असतील तर कळ्यांवर मच्छरदाणीचं कापड बांधता येतं. भोपळा-काकडीवर मात्र दिवसा कापड नको, परागीभवनच थांबेल.

हातमोजे घालाच. दाबल्यावर त्यांच्या पायांच्या सांध्यांतून पिवळसर द्रव निघतो. त्यातल्या कँथरिडिननं काही तासांत कातडीवर फोड उठतात. अंगावर बसला तर चापट मारू नका, फुंकर मारा. द्रव लागलाच तर साबण-पाण्यानं धुवा, फोड फोडू नका. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्यानं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. घोडा पाळणाऱ्यांनी आणखी जपावं. फुलावर आलेल्या लसूणघासाबरोबर हे किडे कापले गेले, तर वाळलेल्या चाऱ्यातही विष कायम राहतं आणि ते घोड्याच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून कापणी फुलोऱ्याआधी करावी.

एक बाजू मात्र लक्षात असू द्या. या हिंग्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात. फुलांवरचे वेचा, पण अळ्यांसाठी माती उकरत बसू नका.

प्रश्न : कंपोस्टमध्ये पांढऱ्या, जाड, वळलेल्या अळ्या निघाल्या. ही मुळं खाणारी हुमणी आहे का?

उत्तर : एक अळी सपाट फरशीवर ठेवून पाहा. ती उताणी होऊन, पाय वर करून पाठीवर सरपटू लागली, तर ती फुलांवर येणाऱ्या चकचकीत भुंगेऱ्यांची, म्हणजे सेटोनिनी गटातली अळी आहे. हुमणी अशी उताणी चालत नाही. सेटोनिनी अळ्या कुजकं लाकूड आणि पालापाचोळा खातात, खत बारीक करतात. खत चाळून कुंडीत घाला आणि अळ्या ढिगात परत टाका. यातलेच प्रौढ पुढे गुलाबाच्या पाकळ्या आणि पराग खाताना दिसतील. त्यातले बहुतेक वरचे पंख न उघडताच उडतात, खालचे पंख कडेच्या खाचेतून बाहेर काढून. या सदरात आम्ही त्यांना 'फुलभुंगेरे' म्हणतो, 'फुलकिडे' कधीच नाही.

प्रश्न : सीताफळाच्या फुलात २-३ मिलिमीटरचे तपकिरी भुंगेरे शिरतात. काढावेत का?

उत्तर : अजिबात नाही. सीताफळाचं फूल आधी मादी अवस्थेत आणि नंतर नर अवस्थेत असतं, त्यामुळे त्याला स्वतःचा पराग सहसा वेळेवर मिळत नाही. नर अवस्थेतल्या फुलातून मादी अवस्थेतल्या फुलात पराग नेतात ते हेच भुंगेरे. ते कमी पडले की फळं कमी धरतात, धरलेली एका बाजूला चेपलेली निघतात. फुलोऱ्यात कीटकनाशक टाळा.