रंगरेषा : कपाटावरची कवटी

प्रश्न : आमच्या बचतगटाच्या खोलीत फवारणीच्या औषधांचं कपाट आहे. गटातल्या काही जणींना वाचता येत नाही आणि लेकरंही तिथंच खेळतात, म्हणून दारावर कवटी काढायचं ठरलं. पण मी काढलेली कवटी हसल्यासारखीच दिसते. जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर स्टेन्सिल कापायला गेले, तर डोळ्यांचे तुकडेच गळून पडले. काय करू?
– एक वाचक, मानवत (जि. परभणी)

ताई, कवटी हसते ती दातांच्या ओळीमुळं. आपण सवयीनं या कानापासून त्या कानापर्यंत दात काढतो आणि टोकं वर उचलतो. खऱ्या कवटीत दातांची कमान मागं वळत जाते. त्यामुळं समोरून ती अरुंद दिसते, गालाच्या हाडांच्या बरीच आत संपते. ओळ आडवी, सपाट ठेवा. ३२ दात मोजत बसू नका. वर सहा, खाली सहा पुरेत, आणि तेही एकेक दात रेखून नाही. दोन दातांमधल्या उभ्या फटी तेवढ्या काढा.

डोळे बहुतेक जण फार वर काढतात. टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळ्यांच्या खोबणी येतात. वरचा सगळा भाग नुसतं कपाळ आणि डोकं. खोबण गोल नसते. चौकोनाचे कोपरे घासून बोथट केले की जो आकार येतो तो धरा, आणि बाहेरचा खालचा कोपरा थोडा उतरता ठेवा. हा उतार विसरू नका, कवटीचा सगळा गंभीरपणा तिथंच आहे. नाकाचा पुढचा भाग कूर्चेचा असतो, तो कवटीत राहत नाही. उरतं ते भोक. पिंपळाचं पान शेंडा वर करून धरा, तसा त्याचा आकार.

लांबून माणूस कवटी ओळखतो तो या तीन काळ्या भोकांवरून. वेरूळला गेलात तर २१ क्रमांकाच्या लेण्यात, रामेश्वरात, काल आणि काली यांच्या हाडन् हाड दिसणाऱ्या मूर्ती आहेत. त्यांच्यासमोर जरा थांबा. धाक वाटतो तो खोलात साचलेल्या सावलीचा. माझं आयुष्य दुकानांचे बोर्ड रंगवण्यात गेलं, पण सावली कुठं ठेवायची हे मला त्या दगडानं शिकवलं.

आता तुकड्यांचं. तुम्ही पांढरी कवटी कापून काढायला गेलात, म्हणून डोळे अधांतरी राहिले आणि पडले. उलटं करा. दार खरवडून गंज काढा, पिवळा ऑइलपेंट द्या, दोन दिवस वाळू द्या. मग फिल्मवर जे काळं दिसायला हवं तेवढंच कापा : खोबणी, नाक, दातांच्या फटी, गालाच्या हाडाखालची सावली. हाड म्हणजे न कापलेली फिल्म, ती अखंड राहते. कडेची रेघ हवीच असेल तर तुटक कापा आणि चार ठिकाणी बोटभर जोड सोडा, नाहीतर आख्खी कवटी निखळून हातात येईल. दोन डोळ्यांच्या मधली पट्टीही बोटभर ठेवा.

फिल्म काचेवर ठेवून नव्या पात्याच्या कटरनं कापा. आधी दातांच्या फटी, सगळ्यात शेवटी डोळे. मोठी भोकं आधी पाडली तर फिल्म लुळी पडते आणि बारीक काम हलतं. वळणावर हात वळवू नका, फिल्म फिरवा. कोपऱ्यात पेशंटचं नाव असेल तर तेवढा तुकडा कापून टाका.

रंग ब्रशनं ओढला की फिल्मखाली शिरतो. स्पंजचा तुकडा घ्या, काळा रंग अगदी थोडा लावा, आधी कागदावर टिपा आणि मग उभा दाबत चला. पातळ दोन हात द्या, जाड एक नको.

एक गोष्ट गटात सगळ्यांना सांगाच. औषधाच्या डब्यावर तिरक्या चौकोनात कवटी छापलेली असते ती फक्त लाल खुणेच्या, म्हणजे सर्वात विषारी औषधांवर. पिवळ्या खुणेवर ‘विष’ असा शब्द असतो, पण कवटी नसते. निळ्या आणि हिरव्या खुणेवरही कवटी नसते. डब्यावर कवटी नाही म्हणजे औषध निर्धोक, असं कुणी समजू नये. म्हणून तुमची कपाटावरची कवटी चारही रंगांसाठी आहे, हे लेकरांनाही समजावून सांगा.

प्रश्न : मला पेन्सिलनं हुबेहूब कवटी काढायची आहे. स्मशानातून आणलेली कवटी मिळेल, असं एक मित्र म्हणतो. घ्यावी का?
– एक विद्यार्थी, उदगीर (जि. लातूर)

अजिबात घेऊ नकोस बाळा. ते कुणाचं तरी माणूस होतं. कॉलेजच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्लॅस्टिकचा सांगाडा असतो. सरांना विचार आणि तिथंच बसून काढ. कवटीत २२ हाडं असतात, त्यातलं हलतं एकच, खालचा जबडा. तो आधी मिटलेला काढ आणि मग उघडा. कानापुढं जिथं तो अडकतो ती जागा नीट पाहा. दिवा एकाच बाजूनं ठेव, आणि पहिले काही दिवस फक्त सावल्या भर, बाहेरची रेघ काढूच नकोस.