चाकणमधून जर्मनीत, मेकॅनिकलमधून कॅन बसकडे

तुमचा प्रश्न असा : चाकणला चार वर्षं मेकॅनिकल डिझाइन केलंय, वर्षभरात जर्मनीला येऊन गाड्यांच्या कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरायचंय. कोर्स कोणता करू आणि मेंटॉर कसा शोधू?

महागड्या कोर्सचे पैसे आत्ता भरू नका. सी भाषा हाताखालून गेली की थेट कॅन बसला हात घाला. गाडीतले बरेचसे कंट्रोलर एकमेकांशी या दोन तारांच्या जाळ्यावरच बोलतात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड), त्यांना कॅन बसशी जोडणारी दोन एमसीपी२५१५ मॉड्यूल आणि साधा मल्टिमीटर आणा. दोन अशासाठी की बसवर एकट्याच असलेल्या नोडला, म्हणजे बोर्ड-मॉड्यूलच्या एका जोडीला, पोच द्यायला समोर कुणीच नसतं, मग तो तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. नवशिके इथे कोड बदलण्यात रात्री घालवतात.

जोडणी झाली की वीज बंद करून कॅन-हाय आणि कॅन-लो या बसच्या दोन तारांमध्ये ओम मोजा. ६० च्या आसपास हवेत, कारण दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रेझिस्टर असतो. १२० आले तर एका मॉड्यूलवरचा रेझिस्टर जोडणारा जंपर लावायचा राहिलाय. ४० आले तर तिसरा रेझिस्टर लागलाय.

आता खरी मेख. मॉड्यूलवरच्या चकचकीत लांबट क्रिस्टलवर, म्हणजे चिपच्या घड्याळावर, काय छापलंय ते बघा. बऱ्याचदा ८.००० म्हणजे ८ मेगाहर्ट्झ असतं, आणि कोडमधली तयार लायब्ररी १६ मेगाहर्ट्झ धरून चालते. तुम्ही ५०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) लिहिता, प्रत्यक्षात वेग निम्मा, २५० पडतो. दोन्ही मॉड्यूल सारखीच चुकलेली, म्हणून आपापसात छान बोलतात. खऱ्या ५०० च्या उपकरणाला जोडलं की सगळं गप्प. एकट्यानं शिकताना ही चूक सापडत नाही, कारण तपासणारेही आपणच. मेंटॉर लागतो तो एवढ्यासाठी.

'मार्गदर्शन करा' असं कुणालाही लिहू नका. तुमच्याच कंपनीतल्या टेस्टिंगच्या माणसाला नेमकं विचारा : "वेग ५०० ठेवलाय, ६० ओम येतात, माझी दोन मॉड्यूल बोलतात, तिसरं उपकरण नाही. आधी काय तपासू?" सोबत वायरिंगचा फोटो आणि कोड द्या. त्यानं सांगितलेलं आठवड्याभरात करून काय झालं ते कळवा. न कळवणाऱ्याला दुसऱ्यांदा कुणी वेळ देत नाही. मोजलेलं, चुकलेलं तारखेसह वहीत लिहा.

जर्मन मात्र वर्गातच शिका, मॅक्स म्युलर भवन किंवा रानडे इन्स्टिट्यूट. जून २०२४ पासून सुरू झालेल्या चान्सनकार्टेला, म्हणजे जर्मनीत येऊन नोकरी शोधायच्या परवान्याला, गुणांच्या मार्गानं ६ गुण लागतात : वय ३५ च्या आत असेल तर २, गेल्या पाच वर्षांत पदवीशी संबंधित दोन वर्षांच्या अनुभवाचे २, जर्मन बी१ चे २. अनाबिन या परदेशी पदव्यांच्या जर्मन यादीत तुमचं विद्यापीठ आणि पदवी आधी तपासा. हे कार्ड एका वर्षापर्यंतचं; त्यावर आठवड्याला २० तास नोकरी आणि एखाद्या कंपनीत दोन आठवड्यांपर्यंत चाचणीदाखल काम करता येतं. त्या चाचणीसाठी अर्ज करताना वहीतली क्रिस्टलची नोंद फोटोसह जोडा.