क्रेडिट कार्डावर कॅशबॅक घ्यावा की रिवॉर्ड पॉइंट?

महिन्याला साधारण 20,000 रुपये, तेही मुख्यतः किराणा आणि बिलांवर खर्च होत असतील, तर कोणते कार्ड घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते कॅशबॅकचे घ्यावे. पॉइंटांचा आकडा डोळ्यांत भरतो, परंतु एका पॉइंटचे किती पैसे होतात, हे आधी पाहावे लागते. समजा, दर 150 रुपयांना 2 पॉइंट मिळतात आणि एका पॉइंटचे मूल्य 25 पैसे आहे. अशा वेळी 20,000 रुपयांवर फार तर 266 पॉइंट, म्हणजे 66 रुपये 50 पैसे पदरात पडतात, तर 1 टक्का कॅशबॅकचे 200 रुपये थेट बिलातून वजा होतात. शिवाय पॉइंट वटवताना अनेक बँका शुल्क आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आकारतात. पॉइंटांना बहुधा मुदतही असते. माझे स्वतःचे जवळजवळ 3,000 पॉइंट त्यामुळेच बुडाले, याची हळहळ अजून वाटते.

कॅशबॅकलाही अनेकदा मासिक मर्यादा असते आणि इंधन, घरभाडे, वॉलेट यांवर तो सहसा मिळत नाही. वारंवार विमानप्रवास करणाऱ्यांना मात्र, पॉइंट विमान कंपनीच्या माइल्समध्ये (तिकिटांसाठी वापरता येणाऱ्या गुणांमध्ये) बदलता येत असल्यास, पॉइंटच सरस ठरू शकतात.