आईच्या ओट्याची उंची

"मॅडम, बाबांना जाऊन 14 महिने झाले, आई अजून सावरलेली नाही, तिला काही त्रास तर नाही ना?" समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोनतीनदा तरी येतो, नाती बदलतात एवढंच. ही त्यातलीच एक केस. घरच्यांना विचारून सांगतेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

मुलगा चाळिशीतला. वडील आर्किटेक्ट होते. भांडण कशावरून, तर किचन रिनोव्हेशन. सून उंच, ओटा बुटका, तिची कंबर भरून यायची आणि सगळं ठरलेलं असताना आई ऐनवेळी म्हणाली ओट्याला हात लावायचा नाही. कारण विचारलं की उठून आत जायची. मुलाला वाटलं डोक्यावर परिणाम झालाय.

मी त्याला विचारलं, घरात बाबांचा विषय शेवटचा कधी निघाला? तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, वर्षश्राद्धाला. विषय काढला की आई रडते म्हणून आम्ही काढतच नाही.

पुढच्या वेळी आई एकट्या आल्या. त्यांचंही तेच, मी रडले की मुलगा कावराबावरा होतो म्हणून मी ह्यांचं नावच घेत नाही! म्हणजे दोघंही एकमेकांना जपत होते आणि त्या जपण्यात माणूसच घरातून गायब झाला होता.

मी म्हटलं सांगा ना त्यांच्याबद्दल. तर आधी ते नेहमीचं, देवमाणूस होते, कुटुंबासाठी झिजले वगैरे. (मला हा देवमाणूस शब्द जरा खटकतोच, एकदा तो म्हटला की पुढे बोलायला काही उरतच नाही.) म्हणून विचारलं, त्यांचा राग कशाचा यायचा? आणि बाई एकदम हसल्या. म्हणाल्या अहो कुणाकडे जेवायला गेलो तरी खिशातून टेप काढून जिन्याच्या पायऱ्या मोजायचे, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग सुरूच झालं, ऑफिस मुद्दाम घरातच पुढच्या खोलीत ठेवलेलं कारण मुलं शाळेतून आली की दिसली पाहिजेत, नकाशांच्या अमोनिया प्रिंटचा तो उग्र वास पोरांच्या दप्तरांनासुद्धा यायचा, संध्याकाळी 7 नंतर कॉन्ट्रॅक्टरचा फोन घ्यायचा नाही म्हणजे नाही, सासूबाईंना गुडघ्याचा त्रास सुरू झाला तर आठवड्याच्या आत बाथरूममध्ये धरायला दांडे बसवलेले.

आणि ओटा. बाईंची उंची 4 फूट 10 इंच. फ्लॅटमध्ये बिल्डरने 34 इंचांचा ओटा दिलेला. ह्यांनी बायकोला भिंतीला टेकवून उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजलं, त्यातून 5 इंच वजा केले आणि नवाकोरा ओटा फोडून 31 चा करून घेतला. "माझ्या मापाचं आयुष्यात एवढंच एक होतं हो," असं म्हणून त्या रडल्या. भरपूर रडल्या. मी मध्ये बोलले नाही.

हे सगळं मुलाला माहीतच नव्हतं, तो तेव्हा 3 वर्षांचा होता. त्याला वाटायचं ओटे एवढेच असतात.

आता मूळ प्रश्नावर. आठवण काढली म्हणून रडू आलं तर ते बिघडलेलं नसतं. स्ट्रोब आणि शुट या संशोधकांनी 1999 मध्ये दुःखाचं एक मॉडेल मांडलं, त्यात माणूस दुःखात जातो, परत रोजच्या कामात येतो, परत जातो, असं ये-जा करत राहतो आणि हेच नॉर्मल धरलंय. माझ्या क्लायंट्समध्ये मला हेच दिसतं. आमच्या या आई स्वयंपाक करत होत्या, भिशीला जात होत्या, नातवाचा अभ्यास घेत होत्या. पण वर्ष उलटूनही जवळपास रोज तीच तीव्र ओढ, जगण्यात अर्थच वाटत नाही, जेवण-झोप-माणसं सगळं सुटलंय असं असेल तर मात्र थांबू नका, सायकियाट्रिस्टना दाखवा, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा, तो मोफत आहे. मरणाचे विचार बोलून दाखवत असतील तर त्याच दिवशी.

शेवटी ओटा फोडला नाहीच. सुनेनेच सुचवलं, शेगडीच्या बाजूला वर 4 इंच चढवून घेऊ, चिरायला-लाटायला आईंची बाजू तशीच राहू दे. काम झाल्यावर आईंनी कपाटातली ती जुनी टेप काढून मोजलं आणि मिस्त्रीला म्हणाल्या, अर्धा सूत कमी आहे, ह्यांनी परत करायला लावलं असतं.