धाब्यावर कोबा टाकायच्या आधी तुळईचं टोक तपासा

भाऊ, तुमच्या आजोबांच्या गोठ्याचं धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, गळतंय, तुळईखाली, म्हणजे छप्पर पेलणाऱ्या जाड लाकडाखाली, भुसा पडतोय आणि वरून सिमेंटचा कोबा करायचं ठरतंय, हे वाचून राहवलं नाही. हेच मी केलं होतं.

आमचा गोठा गिरणा नदीकाठचा. सागाचे खांब, तुळया, त्यांवर बारीक लाकडाच्या कड्या, वर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, कडुलिंबाचा पाला आणि हातभर माती. वडील दरवर्षी पावसाआधी वर पाणी अडवणारी खारी माती टाकायचे. मला त्याचा कंटाळा. एका कार्यालयातल्या साहेबांनी गोठ्यात पाऊलही न टाकता सांगितलं, ‘तीन इंच काँक्रीट टाका, कटकट संपेल.’ मी ऐकलं. तीन इंच काँक्रीट म्हणजे चौरस मीटरला जवळपास 180 किलो. जुन्या मातीवर हा वाढीव भार, हा हिशोब ना त्यांनी केला ना मी.

पण ओझ्यापेक्षा ओलीनं घात केला. मे महिन्याच्या उन्हात कोब्याला केसाएवढ्या भेगा पडल्या. पाणी आत शिरायचं, पण कोब्यामुळे वरून सुकून जात नव्हतं. पूर्वी थेंब पडला की जागा कळायची, माती दाबली की झालं. आता थेंबच दिसेना. तिसऱ्या पावसाळ्यात मधली तुळई बोटभर खाली आली. मधोमध ठोकली तर टणटणीत! भिंतीत शिरणाऱ्या टोकाला पेचकस लावला, तर मुठीपर्यंत आत गेला आणि लाकूड भिजलेल्या भुशासारखं हातात आलं.

म्हणून आधी भिंतीतली टोकं उकरून बघा. मी इंजिनीअर नाही, तुमच्या भिंती मी पाहिलेल्या नाहीत; जाणत्या सुताराला दाखवाच. आमच्याकडे टेकू देऊन कुजकं टोक कापलं, जुन्याच सागाचा तुकडा सांधून दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टनं आवळल्या. अख्खी तुळई बदलावी लागली नाही. कोबा मात्र फोडावा लागला, आणि त्याचीच मजुरी सगळ्यात जास्त गेली.

खांब दगडी उथळ्यावर, म्हणजे बुडाखालच्या घडीव दगडावर, असतील तर बुडाशी सिमेंट भरू नका, तिथेही ओल अडकते. भुसा वाळवीचा की लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याचा, तेही बघून घ्या. वाळवी असेल तर मातीच्या नळ्या दिसतील.

आणि ‘सगळं लाकूड एकरकमी घेतो’ म्हणणारे व्यापारी येतीलच. आमच्या शेजारच्यांनी दिलं. आता त्यांची गुरं पत्र्याखाली दुपारभर धापा टाकतात, ते मला बघवत नाही. खारी माती मिळत नसेल तर सांगा, आमच्या शिवारात अजून आहे.